साहेबाच्या आजोबांची धून

मॅकफेल साहेबाला लकवा मारला आणि त्याची वाचा गेली, ही बातमी मला गफूरने दिली. मी कुवेतमधल्या अब्बासियाच्या खोलीत भात लावला होता. गफूर माझ्याच खोलीत राहायचा. रत्नागिरीकडचा माणूस, कंपनीची गाडी चालवायचा. दारातच चपला काढत म्हणाला, "फौजी, तुझा साहेब आडवा झाला. उजवी बाजू गेली. तोंडातून शब्द फुटत नाय."

मी गॅस बारीक केला. "मरणार नाही ना?"

"डॉक्टर नाय म्हणतात."

"मग बरं झालं," मी म्हणालो. मला तो जिवंत हवा होता.

माझं नाव तुळशीदास. गाव खेड तालुक्यात. मराठा पलटणीच्या बँडमध्ये मी पाईपर होतो. बॅगपाईप म्हटलं की लोकांना गोरा साहेब आठवतो, पण आमच्या पलटणीत तो किती पिढ्या वाजतो आहे. मी बेळगावला शिकलो. बगलेत पिशवी दाबायची, फुंकर तुटू द्यायची नाही आणि नऊ सुरांत सगळं वाजवायचं, एवढीच ती विद्या. पेन्शनीत निघालो तेव्हा मुलगा अक्षय लहान होता. पेन्शनीत भागेना म्हणून कुवेतला सिक्युरिटीत लागलो. मंगफला कंपनीची वसाहत होती, तिच्या गेटवर माझी ड्यूटी. आत मीना अल-अहमदीच्या रिफायनरीवर काम करणारे इंजिनियर राहायचे. त्यांतले बरेच स्कॉटलंडचे.

त्या लोकांत घराणी असतात. आपल्यात कुळं असतात तशीच. एका घराण्याचे लोक पोटासाठी जगभर पांगले, तरी जिथे जातील तिथे सोसायटी काढतात. घराण्याचं कापड वेगळं, त्याच्या चौकड्यांचे रंग वेगळे, निशाणी वेगळी. वर्षातून एकदा सगळे घोळदार घागरे घालून जेवायला जमतात, पोरांना नाच शिकवतात, कोण कुणाचा पणतू ते सांगतात. कुवेतच्या सोसायटीचा मुख्य मॅकफेल साहेब. आमच्या साइटचा मॅनेजरही तोच. पासपोर्ट त्याच्या कपाटात आणि रजा त्याच्या सहीवर.

दुपारच्या उन्हात गेटवर कुणी येत नसे. तेव्हा मी केबिनमध्ये चँटर वाजवत बसायचो. चँटर म्हणजे बिनपिशवीची नळी, सरावाची. एकदा साहेबाने गाडी थांबवली, काच खाली केली आणि धून संपेपर्यंत ऐकत राहिला. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "हे तू कुठे शिकलास?"

"मराठा पलटण, सर."

तो हसला. त्याच आठवड्यात मला घागरा शिवून मिळाला आणि सोसायटीला पाईपर मिळाला. गफूरला त्याची फार मजा वाटायची.

"फराक घालून खंय चाललास, फौजी?"

"साहेबाच्या जेवणाला."

"जेवणात काय असतं?"

"बकऱ्याच्या पोटात काळीज-फुप्फुस भरून उकडतात. मी पुढे वाजवत चालायचं, मागून ताट येतं."

"म्हणजे वजडी. वजडीच्या पुढे बाजा?" गफूर चटईवर आडवा होऊन हसायचा. "आमच्याकडे निकाहात नवऱ्यापुढे पण एवढा बाजा नसतो रे."

त्या पहिल्या वर्षी साहेब मला आवडायचा, हे खरं आहे. तरुणपणी तेलाच्या विहिरीवर लोखंडी पाईपखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली होती. त्यामुळे त्याला स्वतः वाजवता येत नव्हतं. पण त्याच्या डोक्यात एक धून होती, त्याच्या आजोबांची. त्यांचा कुणी पूर्वज बेटावर राहायचा. त्याचे दोन भाऊ मासेमारीला गेले आणि बुडाले, तेव्हा त्याने ती धून बांधली. घरात कुणी गेलं की ती वाजवायची, आणि वर्षाच्या जेवणाच्या शेवटी त्या सालात गेलेल्यांसाठी एकदा. एरवी नाही. ती कागदावर उतरवायची नाही, असा त्यांच्या घरचा नेम. एकाने गायची आणि दुसऱ्याने ऐकून उचलायची.

शुक्रवारी दुपारी तो मला घरी बोलवायचा. तबल्याचे बोल असतात तसे पाईपचेही बोल असतात त्यांच्या जुन्या भाषेत. डोळे मिटून तो ते गायचा आणि मी चँटरवर मागे मागे जायचो. चुकलो की गुडघ्यावर हात मारायचा. अख्खा हिवाळा गेला शिकण्यात. पूर्ण वाजवली त्या दिवशी तो उठून खिडकीपाशी गेला.

"माझी मुलगी ती शिकली नाही," तो म्हणाला. "आता जगात ही दोघांनाच येते. मला गाता येते, तुला वाजवता येते."

ती धून चांगली होती. तिला मी आजही नावं ठेवणार नाही.

अठ्ठ्याण्णव साली नोव्हेंबरात माझ्या बायकोला, शामलाला, कावीळ झाली. भाऊ महादेव खेडहून फोन करायचा. आधी म्हणाला झाडपाला चालू आहे, मग म्हणाला दवाखान्यात नेली, मग म्हणाला, "दादा, तू ये." मी साहेबाकडे गेलो. सोसायटीचं जेवण चार दिवसांवर आलं होतं. दुबईहून आणि बहारीनहून त्यांचे लोक यायचे होते.

"काविळीने कुणी मरत नाही, पाईपर," साहेब म्हणाला. "जेवण होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुझं तिकीट काढतो."

पासपोर्ट त्याच्याकडे. मी काय करणार?

जेवणाच्या संध्याकाळी मी हॉलभर वाजवत फिरलो. वजडीपुढे वाजवलं, नाचाला वाजवलं. कुवेतमध्ये दारू बंद, म्हणून दोन कानांच्या वाटीतून सफरचंदाचा रस फिरला. बाथरूममध्ये दुसरंही काही होतं, ते मला दिसलं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलेलं असायचं. शेवटी दिवे बारीक केले. सगळे उभे राहिले आणि मी आजोबांची धून वाजवली. साहेब माझ्यासमोर उभा होता. तो खाली बघत नव्हता, माझ्याकडेच बघत होता.

पाहुणे गेल्यावर त्याने मला स्वयंपाकघराच्या बोळात बोलावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दुपारी फोन आला होता. तुझी बायको गेली. मला फार वाईट वाटतं."

मी घागऱ्यात उभा. पिशवीत अजून हवा होती.

"आधी सांगितलं असतं तर तुला वाजवता आलं नसतं," तो म्हणाला. "आणि इतकी चांगली तू ती कधीच वाजवली नव्हतीस. समज, ती तिच्यासाठीच होती."

गावी पोचलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. अक्षयचं डोकं भादरलेलं होतं. महादेव मला पडवीत घेऊन बसला. म्हणाला, "मी फोनवर इचारलं होतं. दादा निघत असंल तर बर्फावर ठेवतो, थांबतो, म्हनलं. त्या प्रभाकरनं साहेबाला इचारलं न् सांगितलं, नाय येत, थांबू नका. आमाला वाटलं तूच सांगितलंस."

प्रभाकर म्हणजे ऑफिसातला क्लार्क, पुण्याचा. परत आल्यावर मी त्याला गाठला. तो रडायलाच लागला. "तुळशीदास, साहेब समोर बसलेला. मी काय बोलणार होतो? तुम्हाला कळू द्यायचं नाही, आता ऐनवेळी दुसरा पाईपर कुठून आणू, असं म्हणाला." प्रभाकरला मी सोडून दिला. त्याची नोकरी होती. साहेबाची नोकरी जाणार नव्हती. त्याचं फक्त जेवण बिघडलं असतं.

लोकांना वाटलं, मी परत आलो म्हणजे विसरलो. गावात काही जण बोलले, बायको गेली तरी दिनार सुटत नाहीत. बोलू दिलं. अक्षयचं शिक्षण होतं, ते एक. दुसरं म्हणजे, सूड घ्यायचा तर माणसाच्या जवळ राहावं लागतं. गफूरला तेवढं मी सांगितलं होतं. तो चहा पिताना युक्त्या सुचवायचा.

"त्याच्या ज्यूसमध्ये जमालगोटा टाक."

"एका दिवसात बरा होईल."

"गाडीत साखर घालू? मी घालतो. पेट्रोलच्या टाकीत."

"कंपनीची गाडी आहे. नवी मिळेल त्याला."

"मग एक फाईट दे आणि सुटून जा."

"फाईट तो विसरेल, गफूर."

"तुला पायजे तरी काय?"

"त्याच्याकडे एकच असेल आणि परत मिळणार नाही, असं काहीतरी पाहिजे."

गफूरने बशी खाली ठेवली. "असली चीज तुझ्याकडे होती, फौजी. साहेबाकडे काय हाय तसलं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मी वर्षानुवर्षं गेट उघडत राहिलो, सलाम करत राहिलो आणि दर जेवणाला वाजवत राहिलो. आजोबांची धूनही वाजवली. साहेबाला वाटायचं, आमचं आता जुळून गेलं आहे. नव्या पाहुण्यांना तो माझ्याविषयी कौतुकाने सांगायचा.

मग दोन हजार सहामध्ये त्याला लकवा झाला, आणि गफूरने माझा भात करपायच्या आत मला उत्तर आणून दिलं. जगात ती धून दोघांना येत होती. आता एकालाच.

साहेबाची मुलगी मोराग त्याला घरी, स्कॉटलंडला, न्यायला आली. चाळिशीची, साधी बाई. गेटवर स्वतः चालत आली आणि मला 'मिस्टर तुळशीदास' म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात कॅनडात त्यांच्या घराण्याच्या सगळ्या सोसायट्यांचा मोठा मेळावा होता. ऑस्ट्रेलियाचे, न्यूझीलंडचे, अमेरिकेचे लोक येणार. आजोबांची धून आता नेम मोडून टेप करायची, कागदावर उतरवायची आणि प्रत्येक देशातल्या पोरांना शिकवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मी लहानपणी शिकले नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं," ती म्हणाली. "बाबा नेहमी म्हणायचे, माझ्यानंतर ती तुमच्याकडे आहे. तुम्ही दिली नाही तर आमच्याकडे काही उरणार नाही."

"देतो ना, मॅडम," मी म्हणालो.

नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी हळहळ केली असती, माझ्या नावाने बोटं मोडली असती, आणि धून हरवली हे त्यांना माहीत राहिलं असतं. हरवलेल्याचं सुतक तरी धरता येतं. मला त्यांना तेवढंही द्यायचं नव्हतं.

आमच्या वाडीत गौरी बोळवताना बायका एक गाणं म्हणतात. गौर माहेरपण संपवून निघते तेव्हाचं. दोनच ओळी, सावकाश, नदीपर्यंत त्याच त्याच. शामला ते पुढे होऊन म्हणायची आणि बाकीच्या मागे. पाच-सहा सुरांत बसतं ते, म्हणजे पाईपला कमी पडत नाही. आठवडाभर मी केबिनमध्ये बसून ते साहेबाच्या घराण्याच्या चालीत घातलं. त्यांच्याकडे सूर लांबवायची पद्धत असते, मधेच बारीक ठोके द्यायची पद्धत असते. ते सगळं वरून चढवलं. कॅनडातल्या माणसाला संशय आला नसता.

ठरल्या दुपारी मी घागरा घालून गेलो. साहेब हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं. डोळे मात्र पहिल्यासारखेच. मोराग टेपसाठी सेल आणायला आत गेली. तेवढ्यात मी खुर्चीजवळ वाकलो आणि हिंदीत, जसं आम्ही नेहमी बोलायचो तसं, म्हणालो, "साहब, आज वो नहीं बजाऊँगा. मेरी औरत का गाना बजाऊँगा. आप समझो, आपके दादा का ही है."

त्याने डोळे माझ्यावर रोखले. त्याला सगळं कळत होतं.

मोरागने टेप चालू केली. मी पिशवीवर थाप मारली, सूर धरला आणि गौर बोळवली. त्या बंद हॉलमध्ये पाईपचा आवाज भिंतींत मावत नव्हता. साहेब डावा हात खुर्चीवर आपटत होता. संपल्यावर मोरागने डोळे पुसले आणि त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली.

"बाबा, हीच ना?"

त्याने मान हलवली. नाही, नाही, नाही. घशातून काहीतरी घरघर आली.

पण ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आजारापासून त्यांचं हो आणि नाही उलटसुलट होतं. चहा हवा का विचारलं की नाही म्हणतात आणि मग पितात. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यावर जाऊ नका." तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "किती हलले आहेत बघा. मी चहा टाकते. तुम्ही बसा."

टेप बंद करून ती स्वयंपाकघरात गेली. दार उघडंच होतं.

मी पाईप उतरवत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला. आधी मला वाटलं रेडिओ लागला. वळलो तर साहेब गात होता.

एक शब्द त्याला बोलता येत नव्हता. स्वतःच्या मुलीचं नाव येत नव्हतं. पण डोळे मिटून तो आजोबांचे बोल गात होता, एकामागून एक, एकही न चुकता. हे असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. आवाज बारीक होता, फाटलेला होता, पण धून तीच होती, सबंध. पहिली ओळ झाली. दुसरी सुरू झाली. आत कपबशा वाजत होत्या. त्या थांबल्या असत्या तर मोरागला ऐकू गेलं असतं, आणि टेप तिथेच टेबलावर होती.

मी पिशवी पुन्हा बगलेत घेतली, भरली आणि थाप मारली.

खोलीत पाईप वाजला की माणसाचा आवाज राहत नाही. मी त्याच्यासमोर उभा राहून शामलाचं गाणं वाजवलं. त्याने डोळे उघडले. गायचा थांबला नाही. ओठ हलताना दिसत होते, मानेच्या शिरा दिसत होत्या. मी जवळ सरकलो. गाणं संपलं की लगेच पुन्हा पहिल्यापासून धरत होतो. गौर नदीपर्यंत न्यायची असते, तोवर थांबायचं नसतं. मला घाम फुटला होता. त्यालाही.

मोराग ट्रे घेऊन दारात आली. आम्हा दोघांकडे बघत तिथेच उभी राहिली. मग जवळ येऊन माझ्या कानाशी मोठ्याने म्हणाली, "त्यांचे ओठ बघा. ते तुमच्याबरोबर गाताहेत."

मी मान हलवली. तोंडात नळी होती.

"थांबू नका," ती म्हणाली. "प्लीज."

मी थांबलो नाही. कितव्या वेळी ते आठवत नाही, पण साहेबाचे ओठ मिटले. हात मांडीवर पडला. त्याने मान वळवली आणि खिडकीकडे बघायला लागला. मी तो फेरा पूर्ण केला आणि पाईप खाली घेतला. चहा थंड झाला होता. मी तो प्यायलो.

पुढच्या आठवड्यात ते दोघे गेले. विमानतळावर त्यांना गफूरनेच सोडलं. म्हणाला, साहेब गाडीत नीट बसला होता, काही आवाज केला नाही. हिवाळ्यात मोरागचा ऑफिसात फोन आला. साहेब गेला होता. पुरताना त्यांच्या गावच्या पोरापोरींच्या बँडने धून वाजवली, असं ती सांगत होती. कॅनडालाही टेप पोचली होती, तिथे पोरं शिकायला लागली होती.

"बरोबर वाजवतात का पोरं?" मी विचारलं.

"अगदी तुमच्यासारखी."

तिला मी माझं दुःख कळवलं आणि फोन ठेवला. मन हलकं झालं का? झालं. लोक म्हणतात सुडाने काही मिळत नाही, ते त्यांचं म्हणणं. शामलाला न्यायला मी नव्हतो. त्याला न्यायला तिचं गाणं होतं, आणि त्याला ते माहीत होतं. मला पुरलं.

फक्त एक झालं. हल्ली शामला आठवली आणि मी चँटर हातात घेतला, की गौरीचं गाणं बोटांत येत नाही. बोटं आपोआप साहेबाच्या आजोबांकडे वळतात. मग मी चँटर खाली ठेवतो.

गफूरने एकदा ते पाहिलं. चटईवर पडून बिडी ओढत होता.

"फौजी, ती खरी धून कशी होती रे? मला तरी ऐकव."

"नाही."

"अरे, मला शिटी पण येत नाय. मी कोणाला सांगणार?"

"तरी नाही."

"तू मेलास की गेली मग ती."

"हो," मी म्हणालो आणि भाताचं पाणी बघायला उठलो.